मांजर किती फुटांवर?

आमच्या गल्लीतला एक पिवळा बोका पाच घरांत पाच नावांनी जेवतो. कोपऱ्यावरच्या शाकाहारी घरात तो ‘सोनू’. तिथं तो दूध-चपाती खातो आणि खाताना डोळे मिटतो, त्यामुळं मागच्या जन्मी तो कुणीतरी सत्पुरुष असावा असं त्या घराचं मत आहे. समोरच्या पैलवानांकडं तो ‘वाघ्या’. तिथं त्याची हजेरी बुधवार, शुक्रवार आणि रविवार, म्हणजे कोल्हापुरात ज्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या जरा वेगळ्या सुरात वाजतात त्या दिवशी. नव्या अपार्टमेंटमधल्या वहिनींकडं तो ‘ऑस्कर’ आहे आणि पाकिटातलं खाणं खातो. आण्णांकडं ‘सरकार’. पाचवं नाव आमच्या घरचं. ते छापण्यासारखं नाही.

या बोक्याशी आणि त्याच्या गोतावळ्याशी माझा संबंध आला तो थेट पाइपलाइनमुळं. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो. काळम्मावाडी धरणाचं पाणी थेट नळानं कोल्हापूरला आणायचं, ही गोष्ट आमच्याकडं इतकी वर्षं बोलली जात होती की लोकांनी तिचा पंचांगासारखा वापर सुरू केला होता. “थेट पाइपलाइन झाली की बघू,” असं म्हणून माणसं उधारी पुढं ढकलायची. आणि 2023च्या दिवाळीत ते पाणी खरोखरच शहरात आलं! उधारी ठेवणाऱ्यांची मोठीच पंचाईत झाली. दुसरी पंचाईत झाली आमच्या परड्यातल्या हौदाची. पाणी साठवायला म्हणून वडिलांनी बांधलेला दगडी हौद. त्याला मी निवृत्त केलं. मीही बँकेतून त्याच सुमाराला निवृत्त झालो होतो. बराच काळ आम्ही दोघं परड्यात समोरासमोर बसून असायचो. दोघांतही काही नव्हतं.

शेवटी हौदात मासे सोडायचे मी ठरवलं. हिचं मत होतं, माती भरून कोथिंबीर लावावी. पण निवृत्त माणसाला शांतता हवी असते, आणि पाण्यात फिरणारे मासे बघितले की रक्तदाब उतरतो असं मी कुठंतरी वाचलं होतं. (आमच्या गल्लीत ‘कुठंतरी वाचलं होतं’ हा सगळ्यात भक्कम पुरावा मानतात.)

दुकानदारानं मला कोई दाखवले. पांढऱ्या अंगावर केशरी डाग, मधेच काळा शिंतोडा. “जपानी हाय काका. राजेलोकांचा मासा.” हे काही खरं नाही. जपानच्या निइगाता भागातले शेतकरी खायला म्हणून कार्प मासे पाळायचे. त्यांत एखादा रंगीत निघाला की तो बाजूला काढायचे, त्याचीच पैदास करायचे. अशी एकोणिसाव्या शतकात ही जात तयार झाली. म्हणजे मूळचा हा ताटातलाच, दिसायला बरा म्हणून वाचलेला. ही माहिती मी पैलवानांना दिली तेव्हा ते हौदाच्या कठड्यावर हात टेकून बराच वेळ आत बघत राहिले.

“म्हंजे रोहूचा पावणाच की ओ.”

“हो. लांबचा.”

“मग तांबडा करायचा का पांढरा?”

दुकानदारानं आणखी एक गोष्ट सांगितली होती. नीट सांभाळला तर हा मासा पंचवीस-तीस वर्षं जगतो. मी ती घरी कौतुकानं सांगितली. हिनं माझ्याकडं बघितलं, माशांकडं बघितलं, मनात काहीतरी वजाबाकी केली आणि म्हणाली, “आपल्यामागं यांचं कुणी बघायचं?” त्याच संध्याकाळी पुण्याच्या मुलीला फोन गेला. ती म्हणाली, “बाबा, दागिने वाटून टाका, मासे नकोत.”

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन उडून जावं म्हणून हौद भरून मुरवला, मग मासे सोडले, खुर्ची टाकली, चहा मागवला. चहा येण्याआधी बोका आला.

तो भिंतीवर बसला. काही केलं नाही. नुसता बसला आणि पाण्याकडं बघत राहिला. बँकेत तपासणीसाठी वरचा साहेब आला की असाच काही न बोलता बसायचा, आणि तेवढ्यानंच आमच्या चुका आपोआप बाहेर यायच्या. मी चहा अर्धा टाकला.

दुसऱ्या दिवशी बोक्यानं एक तिरंगी मांजर आणलं. मग एक काळं आलं, शेपटी अर्धीच असलेलं. मग दोन किरकोळ. आठवड्याभरात त्यांचं वेळापत्रक माझ्या लक्षात आलं. बुधवार, शुक्रवार, रविवार परडं मोकळं. उरलेल्या वारी भिंतीवर जागा मिळत नाही. ज्या दिवशी गल्लीत मटण नाही त्या दिवशी सगळ्यांना माझ्या माशांची आठवण. आषाढ संपेपर्यंत हे असं चाललं. मग श्रावण लागला, अख्ख्या गल्लीनं महिनाभर सोडलं, आणि मांजरांवर उपासमारीची वेळ आली. माणसांनी पुण्य कमवायचं आणि त्याचा हप्ता माझ्या कोईंनी भरायचा!

पावसाळ्यात कोल्हापुरात दोन माणसं भेटली की रामराम नंतर, आधी “किती फुटांवर?” असतं. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजतात. 39 फूट ही इशारा पातळी, 43 ही धोका पातळी. 2019चा महापूर बघितलेल्या माणसाला हे आकडे झोपेतसुद्धा पाठ असतात. मी तीच पद्धत परड्यात आणली. मांजर कंपाउंडच्या भिंतीवर असेल तर इशारा पातळी, हौदाच्या कठड्यावर आलं की धोका पातळी. शेजारच्या पोरांना गोळ्यांच्या बोलीवर पहाऱ्याला बसवलं. पोरांनी काम इतकं मनावर घेतलं की मी देवपूजेला, अंघोळीला किंवा त्याहून खाजगी ठिकाणी असलो की बाहेरून हाळी यायची, “काका, धोका पातळीऽऽ!” मग मी असेन त्या वेषात बाहेर. गल्लीनं माझे बरेच वेष बघितले. बाजारात भाजी घेताना अनोळखी माणूस विचारू लागला, “काय काका, आज किती फुटांवर?” त्याला नदी म्हणायची होती की मांजर, हे मला शेवटपर्यंत कळायचं नाही.

शेवटी मी रीतसर तक्रार करायचं ठरवलं. बँकेतली सवय, खातेदार शोधायचा आणि नोटीस द्यायची. पहिल्यांदा पैलवानांकडं गेलो.

“पैलवान, ते पिवळं मांजर तुमचं ना?”

“वाघ्या? आमचं कुठलं? ते येतंय नुसतं.”

कोपऱ्यावरच्या घरात गेलो. सोनू तेव्हा त्यांच्या सोफ्यावर, स्वतंत्र उशीवर झोपला होता. “आमचं नाही हो. येतं आपलं, बिचारं.” वहिनी म्हणाल्या, “काका, ऑस्कर स्ट्रे आहे. आम्ही फक्त फीड करतो.” आण्णा तर खवळलेच. “सरकार कुणाचं असतंय व्हय कधी?” यावर मला काही बोलता आलं नाही. हे वाक्य निवडणुकीच्या सभेत चाललं असतं.

म्हणजे मांजर बेवारस. मला हायसं वाटलं. त्याच दिवशी धोका पातळी झाली तेव्हा मी बोक्याच्या अंगावर एक तांब्या पाणी फेकलं. ते त्याला लागलंही नाही, निम्मं माझ्याच पायावर पडलं. पण पाच मिनिटांत परड्याच्या फाटकाशी चार मालक हजर!

“मुक्या जनावरावर हात उचलतासा?”

“हात नाही, तांब्या.”

“आमच्या ऑस्करला सर्दी होते लगेच.”

पलीकडच्या घरातल्या आक्का सगळ्यात शेवटी आल्या. कोल्हापूरच्या जुन्या बायकांप्रमाणं त्या स्वतःबद्दल पुरुषासारखं बोलतात आणि त्यांचा दराराही तसाच आहे. “मी स्वतः बघितलो की, गॅलरीतनं! मांजर मारल्याचं पाप लई वंगाळ. काशीला सोन्याचं मांजर वाहावं लागतंय.”

“आक्का, मी मारलं कुठं? नुसतं भिजवलं.”

आक्कांनी क्षणभर विचार केला. “मग चांदीचं चालंल.”

सोन्याचा भाव तोळ्याला लाखाच्या पुढं गेलेला. हिनं लगोलग हिशेब केला की उद्या एखादं मांजर हौदात पडून खरंच मेलं तर आपल्याला सराफांच्या गुजरीत घर विकूनच जावं लागेल. आणि मांजर हौदात पडून मरत नाही असं नाही. 1747 साली इंग्लंडात होरेस वॉल्पोल या बड्या असामीची सेलिमा नावाची मांजर सोनेरी माशांच्या चिनी भांड्यात पडून बुडाली. त्याचा कवी मित्र थॉमस ग्रे यानं तिच्यावर कविता लिहिली, ती आजही कॉलेजात शिकवतात. त्या माशांना केवढा मनस्ताप झाला असेल, त्यावर कुणी एक ओळ लिहिलेली नाही. मी मात्र हौदात एक फळी तिरकी सोडली, पडलंच मांजर तर चढून वर यावं म्हणून. म्हणजे माशांच्या शत्रूसाठी माझ्या खर्चानं जिना.

मग गल्लीकडून सल्ले आले. कोल्हापुरात सल्ला मागावा लागत नाही, फाटक उघडं ठेवलं की पुरतं. पहिला सल्ला, निळीच्या पाण्याची बाटली टांगा. टांगली. बोक्यानं तिला गाल घासले. गल्लीतले तात्या म्हणाले की ती बाटली कुत्र्यांसाठी असते, आणि तिच्यामुळं परड्यात कुत्री यायची बंद होतील. ते खरं ठरलं. कुत्री आधीही येत नव्हती. दुसरा सल्ला, जाळी. जाळी बसवली. बोका जाळीवर झोपला. खाली मासे, वर बोका आणि मधे माझे बाराशे रुपये. जाळी काढली.

तिसरा सल्ला वहिनींनी मोबाइलमध्ये बघून दिला. मांजराला तिखटाचा वास सहन होत नाही. घरात तिखटाला तोटा नव्हता. उन्हाळ्यात संकेश्वरी आणि ब्याडगी मिरची निवडून, वाळवून, डंकावर कुटून आणलेली वर्षाची कांदा-लसूण चटणी बरणीत होती. ही देवळात गेली असताना मी त्यातली एक मूठ घेऊन कठड्यावर फिरवली. तेवढ्यात वारं सुटलं. मी शिंकलो, पहाऱ्यावरची पोरं शिंकली, पलीकडच्या गॅलरीतून आक्कांच्या शिंका ऐकू आल्या. बोका आला, त्यानं कठडा हुंगला, एकदा शिंकला आणि तिथंच बसला. हे मांजर कोल्हापुरात जन्मलं आहे, पाकिटातलं खात असलं म्हणून काय झालं, हे वहिनींच्या मोबाइलला ठाऊक नसावं. पुढच्या मिनिटाला सर आली आणि चटणी वाहून हौदात उतरू लागली. मी गुडघ्यावर बसून फडक्यानं कठडा पुसत असताना पैलवान आले. त्यांनी पाण्यावरचा लाल तवंग बघितला.

“मसाला लावून झाला म्हणायचा. आता चूल पेटवा.”

हिनं बरणीची पातळी बघितली ती संध्याकाळी. ती धोका पातळी मी इथं सांगत नाही.

आण्णांचा सल्ला मात्र ऐतिहासिक होता. आण्णांना कुठलाही विषय द्या, ते तो संस्थानकाळात नेतात. “मांजराचा नाद कोल्हापूरनं दुनियेला शिकवलाय,” त्यांनी सुरुवात केली. तशी त्यात गोष्ट खरी आहे. संस्थानच्या काळात इथं शिकारी चित्ते पाळलेले असत. त्यांना शिकवणारे, सांभाळणारे चित्तेवान होते, चित्तेखाना होता. चित्त्याच्या डोळ्यांवर टोपी घालायची, त्याला गाडीवरून माळावर न्यायचं, काळविटांचा कळप दिसला की टोपी काढून सोडायचं. हिंदुस्थानातले चित्ते दुर्मीळ झाले तेव्हा आफ्रिकेतून मागवले. 2022 साली कुनोच्या जंगलात नामिबियाहून चित्ते आणले तेव्हा सगळा देश टीव्हीसमोर बसला होता, आण्णा एकटे उठून गेले. “आपल्याकडं हे कवाच झालंय.”

“पण आण्णा, माझ्या हौदाचं काय?”

“टोपी घाला.”

“मला?”

“बोक्याला! डोळ्यावर टोपी आली की जनावर गप बसतंय. आमच्या आज्ज्यानं बघितल्यालं हाय.”

आक्कांनी खरंच लोकरीची एक बारकी टोपी विणून दिली. ती बोक्याला घालायला कोण गेलं आणि पुढं काय झालं, याचा पुरावा पैलवानांच्या मनगटावर आहे. खासबागेच्या आखाड्यात ज्यांची पाठ लागली नाही त्यांना बोक्यानं दोन सेकंदांत चितपट केलं.

मांजरांचा आणखी एक त्रास निघाला, आणि तो गल्लीला झाला. माझ्या परड्यात यायला त्यांना रस्ता ओलांडावा लागतो. पूर्वी गल्लीत मांजर आडवं जायचं ते कधीमधी. आता सकाळी नऊ ते साडेनऊ, ऐन कामाच्या वेळेला, एकामागून एक आडवी जायला लागली. आमच्या गल्लीत सगळे सुशिक्षित आहेत, अंधश्रद्धा कुणीच मानत नाही, फक्त आपण पहिलं जायचं नाही एवढंच. त्यामुळं तिरंगी मांजर गेलं की दोन्ही बाजूंनी स्कूटर थांबायच्या. एकजण चपलेचा अंगठा बघायचा, एकजण फोन कानाला लावायचा, तो वाजलेलाही नसायचा. एकजण टेंडर भरायला निघालेला, एकजण मुलाला घेऊन मुलगी बघायला. “व्हा की पुढं.” “नको, तुम्ही व्हा, मला काय घाई न्हाय.” आणि घाईनं पाय नाचत असायचे. मग एखादा पार्सल पोचवणारा पोरगा, ज्याला यातलं काहीच ठाऊक नाही, सुसाट मधून निघून जायचा. सगळ्या गल्लीचा अपशकुन एकटा घेऊन. लगेच रस्ता मोकळा. हल्ली नऊ वाजता लोक मुद्दाम काहीतरी ऑनलाइन मागवतात अशी मला शंका आहे.

श्रावणात रोजच धोका पातळी होऊ लागली तेव्हा पुण्याहून जावई आले आणि त्यांनी हौदावर कॅमेरा बसवून दिला. आता बोक्याला रंगेहाथ पकडायचं म्हणून मी रात्रभर मोबाइलमध्ये डोळे घालून बसलो. बोका आला. कठड्यावर वाकला. मासे जवळ आले. बोका पाणी प्यायला आणि निघून गेला. तिरंगी आली, पाणी प्यायली, निघून गेली. काळं आलं, तेच. माझी प्रचंड निराशा झाली.

मांजर पाणी कसं पितं यावर अमेरिकेत एमआयटीतल्या शास्त्रज्ञांनी 2010 साली निबंध प्रसिद्ध केला होता. जिभेचं टोक पाण्याला नुसतं टेकवायचं, झटक्यात वर ओढायचं, त्याबरोबर पाण्याची बारीक धार वर येते, ती तुटायच्या आत तोंड मिटायचं. हे सेकंदाला चार वेळा. ते त्यांना एकाच्या घरच्या मांजराकडं बघून सुचलं. हे मी हिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “त्यांना पगार असतोय.” पाण्यात सूर मारून मासे धरणारं मांजर जगात आहे, फिशिंग कॅट. पश्चिम बंगालचा तो राज्यप्राणी आहे. त्याच्या बोटांच्या मधे थोडा पडदासुद्धा असतो. आमच्या बोक्याच्या अंगावर चार थेंब पडले तर तो दुपारपर्यंत अंग चाटत बसतो.

कॅमेऱ्यात मांजरं सापडली नाहीत, पण बाकी सगळी गल्ली सापडली. पहाटे तात्या फाटक हळूच उघडून आत येतात आणि हौदाकाठी प्राणायाम करतात. त्यांच्यानंतर आण्णा. ते पाण्यात वाकून मिशीला पीळ देतात, एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. वहिनींचा मुलगा कुरकुरे टाकतो. दुपारी तालमीची पोरं कठड्यावर बसून फुटबॉलच्या मॅचवर भांडतात आणि भांडण जुंपलं की माझ्या शेवंतीची फुलं तोडतात. गणपतीत तर आक्का निर्माल्याची पिशवी घेऊन आल्या, हौदात ओतली, हात जोडले, प्रदक्षिणेचा विचार केला, जागा नाही हे बघून जागच्या जागी फिरल्या.

“आक्का, निर्माल्याला काहिली ठेवल्यात की सगळीकडं.”

“काहिलीत मासे न्हाईत. हे जिवंत पाणी.”

मला शांतता हवी होती म्हणून मी हौद केला होता, हे मी कुणाला सांगितलं असतं तर लोक शांतपणे ऐकून घ्यायलाही हौदावरच बसले असते.

नवरात्र झालं, दसरा झाला, गल्लीतल्या कुकरनी आपला सूर परत धरला आणि मांजरं पोटापाण्याला लागली. भिंत रिकामी झाली. मी खुर्ची टाकली. आणि एक मासा कमी झाला. मग आणखी एक. गल्लीत एकमुखानं बोक्याचं नाव निघालं. चारी मालकांनी पुन्हा एकदा ते मांजर आपलं नसल्याचं जाहीर केलं. कॅमेरा उघडला तर पहाटेच्या उजेडात कठड्यावर एक बगळा. पक्षीवाले याला वंचक म्हणतात. बसलेला असला की मातकट, नजरेत भरत नाही, उडाला की पांढरेशुभ्र पंख. तो तात्यांच्या शेजारी उभा होता. तात्या डोळे मिटून प्राणायामात, बगळा डोळे उघडे ठेवून ध्यानात. तात्यांनी श्वास आत घेतला, बगळ्यानं मासा.

गंमत म्हणजे बगळ्याविरुद्ध कुणीच तक्रार करेना. आक्कांनी तर त्याला मोबाइलच्या पडद्यावर नमस्कार केला. “तपस्वी हाय.” तो रंकाळा तलावाचा की कोटितीर्थ तलावाचा, यावर आण्णा आणि पैलवानांचा वाद रंगला. रंकाळ्याचा असेल तर त्याला खाऊ द्यावं, असा एक प्रस्तावही आला.

मग माझ्या लक्षात आलं की श्रावणभर भिंतीवर मांजरांची रांग असताना हा तपस्वी फिरकला नव्हता. मांजरं असतील तिथं बगळा उतरत नाही. म्हणजे मला मांजरं हवीत. रोज, पहाटे, विशेषतः बुधवारी, शुक्रवारी आणि रविवारी.

पण आता मांजरं येईनात. घरोघरी मटण मिळत असताना माझ्या हौदाचं पाणी प्यायला कोण येणार? मी परड्यात उभा राहून हाका मारू लागलो. सोनूऽ, वाघ्याऽ, ऑस्करऽ, सरकारऽ. बोका कुठल्या घरात असेल त्याप्रमाणं नाव बदलावं लागायचं. शेवटी बाजारातून सुकट आणली आणि पहाटे कठड्यावर चिमूटभर ठेवू लागलो. त्या वासानं तात्यांचा प्राणायाम अनुलोमातच अडकला. पण भिंत भरली. बगळा आला, वरूनच एक फेरी मारली आणि गेला.

ही वही घेऊन बसली. “माशांच्या राखणीला मांजर, मांजराच्या पोटाला मासे. सुकट कितीची आणतासा महिन्याला?” मी आकडा सांगितला. “आणि कोई कितीला घेतल्ता?” तोही सांगितला. तिनं वही मिटली. बँकेत असं कर्ज मी मंजूर केलं असतं तर निवृत्ती दहा वर्षं आधीच मिळाली असती.

आणि थंडी सरताना तिरंगी व्यायली. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते, हे माहीत असलेला माणूस आमच्या गल्लीत एकही नव्हता. पैलवानांनी तिचं नाव ‘शेरखान’ ठेवलं होतं. त्यांना धक्का बसला. मांजर पिल्लांना सात घरं दाखवतं म्हणतात, तसं शेरखानबाईंनी एकेक पिल्लू मानगुटीला धरून घरं बघायला सुरुवात केली. पैलवानांच्या माळ्यावर एक रात्र. कोपऱ्यावरच्या घरात देव्हाऱ्याखाली अर्धा दिवस. वहिनींच्या कपाटात, सिल्कच्या साडीवर, पंधरा मिनिटं. आण्णांच्या फेट्याच्या पेटीत. आक्कांकडं, तात्यांकडं. सगळीकडून मोठ्या प्रेमानं आणि तितक्याच झपाट्यानं बाहेर. सातवं घर आमची पंपाची खोली. तिथं रिकामं पोतं होतं, ऊब होती, आणि पहाटे सुकट मिळते ही माहिती तिच्याकडं होतीच. तिनं सामान लावलं.

गल्लीची बैठक माझ्याच हौदावर बसली. सातव्या घरात राहिली म्हणजे तुमची, असा निकाल एकमतानं झाला. आक्कांनी बाळंतिणीला अळिवाची खीर आणली, ती मला खावी लागली. वहिनींनी बारशाची तारीख विचारली. पैलवान दोन पिल्लं तळहातावर घेऊन त्यांच्या मांड्या तपासत म्हणाले, “हे दोन आखाड्यात चालतील.”

परवा सकाळी मी हौदाजवळ पेपर वाचत होतो. कोपऱ्यावरच्या घरातल्या काकू रिकामं पातेलं हातात घेऊन फाटकात उभ्या राहिल्या. चेहरा लाल. “तुमच्या मांजरानं आमची सगळी साय फस्त केली. आठवड्याची! तुपाला ठेवलेली!”

अर्थपुरवणीवर एक पिल्लू झोपलं होतं. ते अलगद उचलून मी मांडीवर घेतलं, पान उलटलं आणि म्हणालो, “आमचं कुठलं ओ काकू? ते येतंय नुसतं.”